बोटीवर जेवताना घालायचा सदरा

गिऱ्हाईक कपडा घेऊन दुकानाची पायरी उतरलं की शिंप्याचं काम संपलं, असं लोक समजतात. माझी धाकधूक तिथून सुरू होते. कपडा बसणार कुठे, खुर्चीवर की गादीवर? घाम किती यायचा? धुणार कोण, घरची बाई की धोबी? ही उत्तरं मिळाल्याशिवाय माझी कैची कापडाला लागत नाही. म्हणून टेप हातात घेण्याआधी मी प्रश्न विचारतो. नवीन जालन्यात माझं नाव आहे ते असं: शिवतो बरा, पण विचारतो फार.

वडीगोद्रीचे एक पाटील यावरून चिडले होते. मुलीच्या लग्नासाठी कोट हवा होता. मी विचारलं, लग्नघरी कशात बसून जाणार? ते म्हणाले, "तुम्ही कोट शिवून राह्यले का तपास करून राह्यले?" बैलगाडीत रेलून जाणाऱ्या माणसाचा कोट पाठीत ओढतो, म्हणून मी उत्तराची वाट न बघता तिथे जादा कापड सोडलं. पाटील पुढे दोन्ही मुलांना माझ्याकडेच घेऊन आले, पण प्रश्नांना उत्तर काही त्यांनी दिलं नाही. परतूरच्या एका कापूस व्यापाऱ्याला शेरवानीच्या आत कापसाचे नमुने ठेवायला खिसा हवा होता. शिवून दिला. नमुने भरून, गळ्यापर्यंत बटणं लावून तो कचेरीत गेला तेव्हा तिथल्या जमादारानं त्याला अंग चाचपून बघितल्याशिवाय आत सोडलं नाही.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण ज्या एका कपड्यानं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं, तो मी समुद्रावर घालण्यासाठी शिवला होता, आणि समुद्र मी आजवर पाहिलेला नाही.

निजामी अंमलातली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. जुन्या जालन्यातले एक वकीलसाहेब मुलाला घेऊन दुकानात आले. मुलगा श्रीधर, अंगानं सडपातळ, सारखा घड्याळाकडे बघणारा.

"मास्तर, जल्दी आहे," वकीलसाहेब म्हणाले. "चिरंजीव विलायतेला चालले, डॉक्टरी शिकायला. बोटीवर रात्रीच्या जेवणाला म्हणे पोशाख बदलून बसावं लागतं. तसं छापूनच आलंय तिकिटाबरोबर."

"रोज?"

"रोज. मी म्हटलं, काळी शेरवानी घाल. हैदराबादेत दरबारात चालते तर बोटीवर का न्हाई चालायची? तर म्हणतो नको."

श्रीधर म्हणाला, "शेरवानी घातली की लोक मला नवाबाचा मुलगा समजून प्रश्न विचारतील. मास्तर, मला कुणी वळून बघू नये, असा कपडा शिवा."

इतकी नेमकी मागणी मला आधी कुणी केली नव्हती.

ज्यांनी हा पोशाख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळा लोकरी कोट, त्याच्या पुढच्या पट्ट्यांवर चकचकीत रेशीम. काळी पाटलोण. आत पांढरा सदरा, आणि सगळी मेख या सदऱ्यात. त्याची छाती खळ लावून पत्र्यासारखी ताठ करायची. बोट मारलं तर टकटक वाजली पाहिजे. कोटाची शिवण जरा चुकली तर दिव्याच्या उजेडात खपून जाते. छाती नरम पडली तर मात्र माणूस घाईघाईनं, कुणाचं तरी उसनं घालून आल्यासारखा दिसतो. हे मला वडिलांकडून ठाऊक. जालन्याच्या छावणीत पलटण होती तेव्हा ते साहेबांच्या जेवणाचे कोट शिवत. त्यांनी कागदावर कापून ठेवलेले साचे माझ्याकडे होते. ते काढले, धूळ झटकली आणि कामाला लागलो. बोटीची तारीख हलणार नव्हती.

पहिली ट्रायल घ्यायला मी वकीलसाहेबांच्या घरी गेलो. पडवीत श्रीधरच्या अंगावर कच्चा कोट घातला, टाचण्या मारायला घेतल्या, तोच आतल्या दारातून आवाज आला.

"मास्तर, ह्या कापडात सूत किती?"

त्या श्रीधरच्या आई. त्यांना सगळे माई म्हणत.

"बिलकुल न्हाई, माई. निव्वळ लोकर."

"आणि ते चमकणारं?"

"रेशीम."

"अस्तर?"

"तेबी रेशीमच."

दार आणखी थोडं उघडलं. मग, "आणि शिवलंय कशानं?"

माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं. श्रीधरनं हळूच मला सगळं सांगितलं. समुद्र ओलांडण्याला माईंची हरकत उरली नव्हती, परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यायचं ठरलं होतं. खाण्याचंही ठरलं होतं: पाव, दूध, भाज्या, फळं. अडलं होतं ते जेवताना घालायच्या कपड्यावर. त्यांच्या घरी बाहेरच्या कपड्यांत कुणी जेवायला बसत नसे. आंघोळ करून सोवळं नेसायचं, म्हणजे रेशमी किंवा लोकरी, नाहीतर नुकतं धुतलेलं, कुणाचा हात न लागलेलं वस्त्र, आणि मग पाटावर बसायचं. मुलगा महिनोन्‌महिने रस्त्यातल्या कपड्यांत जेवणार, ही गोष्ट माईंच्या घशाखाली उतरत नव्हती.

"आई हो म्हटल्याशिवाय मी गाडीत बसणार न्हाई," श्रीधर म्हणाला.

"मी हो म्हटलंय ना!" वकीलसाहेब ओरडले.

"तुमचं झालं. आईचं राह्यलंय."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हे सगळं मीच शिवून ठेवलं होतं.

मी दाराकडे तोंड करून म्हणालो, "माई, ते लोकबी जेवणाआधी आंघोळ करतात, दिवसभराचे कपडे काढून ठेवतात आणि हे घालतात. हे घालून दुसरं काहीच करत न्हाईत."

"खरं सांगता?"

"माझे वडील सांगायचे."

"म्हणजे त्यांच्यातबी सोवळं असतं!" माई बाहेर येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. चेहरा उजळलेला. "अहो, ऐकलं का? आणि तुम्ही मला हसत होता."

वकीलसाहेबांनी हरकत काढलीच, वकील ते. "पण सोवळं कधी शिवलेलं असतं का?"

"माझी चोळी मंग काय वेलीला लागली?" माई म्हणाल्या. "मास्तर, दोरा रेशमी वापरा, म्हणजे झालं."

मी उसवून रेशमी दोऱ्यानं शिवलं. काम दुप्पट झालं, पण मनाला जरा बरं वाटलं. ते बरं वाटणं दोनच दिवस टिकलं. सदऱ्याची छाती कडक कशानं करणार, हा प्रश्न माईंनी विचारला आणि मी खरं ते सांगितलं. भाताची पेज गाळून, त्यात चिमूटभर टाकणखार टाकून, ओल्या कापडावर चोपडून गरम इस्त्री फिरवायची.

माई मागे सरकल्या. "शिजलेला भात? अंगावर खरकटं लावून जेवायला बसायचं?"

ज्यांच्या घरी हे पाळत नाहीत त्यांना हसू येईल. पण शिजलेल्या भाताचा हात दुसऱ्या भांड्याला लागला तर धुतल्याशिवाय चालत नाही, अशा घरात छातीभर भात थापून जेवणं म्हणजे काय, हे मला समजलं. कोट सोवळ्यात बसला होता, पाटलोण बसली होती, आणि सदरा दाराबाहेर राहिला होता.

त्या आठवड्यात मी दुकानात धड बसलो नाही. टेप गळ्यात घालून उंबऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. गव्हाची खळ? तीही शिजवलेलीच. खळ न लावता? मग श्रीधरकडे सगळे वळून बघणार, आणि त्यानं नेमकं तेच नको म्हणून सांगितलेलं. शेवटी आमच्या घरातून उपाय आला. बायको म्हणाली, "येरझाऱ्या घालून फरशी झिजवू नका. डिंक लावा की. बाभळीचा. तो कुठं शिजवावा लागतो?"

डिंक भिजवला, गाळला, लावला, इस्त्री मारली. छाती अशी ताठ झाली की मी स्वतःच टकटक करत बसलो. माईंना दाखवली. त्यांनी लांबूनच निरखली.

"झाडाचा चीक. ह्याला काही हरकत न्हाई," त्या म्हणाल्या. "पण एक आहे, मास्तर. हे सगळं घालून ह्यानं एकदा घरी जेवून दाखवायचं. तिकडं माझं कोण बघायला आहे? एकदा इथं माझ्या डोळ्यांसमोर नीट जेवला, की मी हो म्हणते."

दिवस भाद्रपदाचे. सकाळपासून झड लागलेली, सरपण ओलं, घरात धूर आणि वाफ. मला बोलावलं होतं, कारण त्या कपड्यांची बटणं लावायची कशी हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी श्रीधरला पडवीत तयार केलं. खरं सांगतो, देखणा दिसत होता. तो आत जाऊन पाटावर बसला. मी पडवीतच, पण समोरच्या दारातून ताट दिसत होतं.

पहिली भीती पाटलोणीची. ती खुर्चीसाठी कापलेली, आणि हा मांडी घालून बसला. मी आसनाला कापड जादा सोडलं होतं, तरी शिवण फाटल्याचा आवाज येतो की काय म्हणून माझे कान टवकारलेले. शिवण टिकली. मग श्रीधर घासासाठी वाकला. जमिनीवरच्या ताटाकडे वाकलं की ताठ छाती खालून वर सरकते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती त्याच्या हनुवटीला जाऊन टेकली. तो प्रत्येक घासाला वाकायचा आणि छाती त्याचं तोंड वर उचलायची.

"मानेनं जेवायला शिका, डॉक्टर," वकीलसाहेब शेजारच्या पाटावरून म्हणाले.

माईंनी गरम भात वाढला. वाफ सरळ श्रीधरच्या अंगावर. लोकरीचा कोट, चुलीची धग, बाहेर पाऊस. त्याच्या कपाळावर घाम दिसला, मग मानेवर. आमच्या कोरड्या दुकानात डिंक पत्र्यासारखा राहिला होता. ओलाव्यात डिंक काय करतो, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

छाती आधी नरम पडली, मग चिकट झाली. श्रीधरनं ताक घ्यायला हात लांब केला तेव्हा कोटाची रेशमी पट्टी सदऱ्याला चिकटलेली दिसली. त्यानं हळूच ओढून पाहिली. सुटेना. कॉलरलाही डिंकच, तीही मानेला चिकटलेली, त्यामुळे मानही वळेना.

वकीलसाहेबांना हसू आवरेना. "वाह मास्तर! पोराचं पोस्टाचं तिकीट केलंत. आता बोटीची काय गरज? पत्ता लिहा आणि टाका पेटीत!"

मीही हसलो असतो, पण श्रीधरचा चेहरा दिसला. तो ताटाकडे बघत होता. भाताला हात लावत नव्हता.

माई हसल्या नाहीत. वाढायचं भांडं त्यांनी खाली ठेवलं.

"शिरू, तिथं असं झालं असतं तर काय केलं असतंस?"

"उठून खोलीत गेलो असतो."

"आणि मंग?"

"मंग काय? परत जेवायला गेलोच नसतो."

"बोट पोचेपर्यंत?"

माई त्याच्याजवळ गेल्या, वाकल्या, आणि एका हातानं सदरा धरून दुसऱ्या हातानं त्यांनी ती पट्टी हळूहळू सोडवली. जखमेवरचं फडकं सोडवतात तशी.

"अगं, शिवलीस की त्याला!" वकीलसाहेब म्हणाले.

"मीच म्हटलं ना, सोवळ्याचं आहे म्हणून," माई म्हणाल्या. मग दाराकडे वळल्या. "मास्तर, भाताची खळ असती तर असं चिकटलं असतं?"

"न्हाई, माई. नरम पडलं असतं थोडं. चिकटलं नसतं."

"बोटीवर लोक खाली बसतात का टेबलावर?"

"टेबलावर."

"म्हणजे वाकायचंबी न्हाई."

"न्हाई."

चुलीवर काहीतरी उतू जात होतं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"मंग भाताचीच लावा," त्या म्हणाल्या. "पण तांदूळ मी शिजवीन. खरकटंच घालायचं असलं, तर माझ्या हातचं असू द्या."

श्रीधरनं मान वर केली. कॉलर अजून चिकटलेली, त्यामुळे सगळं अंगच वळवावं लागलं. "आई, म्हणजे तू हो म्हणतेस?"

"आधी भात संपव."

आता माझ्यापुढे नवं काम उभं राहिलं. सदरा एकदा घातला की धुवावा लागतो. म्हणजे माईंच्या हातची खळ पहिल्याच रात्री संपणार, दुसऱ्या दिवशी बोटीवरचा धोबी त्याची खळ लावणार. यावर तोड होती. वडिलांच्या साच्यांमध्ये सुट्या छातीचा साचा होता. सदऱ्याचा फक्त पुढचा भाग, मागून नाड्यांनी बांधायचा, वर कोट घातला की अख्खा सदरा असल्यासारखा दिसतो. छावणीतले कंजूष साहेब तसल्या वापरत. मी हातातली बाकीची कामं बाजूला सारली आणि बोटीवर जितकी रात्रीची जेवणं, तितक्या छात्या शिवायला घेतल्या.

खळीच्या दिवशी माईंनी आंघोळ करून, सोवळं नेसून तांदूळ शिजवला आणि पातेलं पडवीत आणून ठेवलं. मी गाळायला फडकं धरलं, तेवढ्यात एक शंका आली. खळीत मीठ गेलं तर समुद्राच्या हवेत ती पाणी धरते.

"माई, मीठ न्हाई ना पडलं?"

"सवयीनं पडलं होतं," त्या म्हणाल्या. "तो भात आम्ही जेवलो. हा दुसऱ्यांदा केलेला."

दिवसभर मी त्यांच्या पडवीत कोळशाची इस्त्री फिरवत होतो. त्या पेज आणून देत, मी छात्या वाळवून एकावर एक रचत होतो, मध्ये कागद घालून. संध्याकाळी त्यांनी वरच्या छातीवर बोटानं टकटक करून पाहिलं आणि त्या आत गेल्या.

जालना स्टेशनावर श्रीधरला पोचवायला मीही गेलो होतो. छात्यांची पेटी आडवी ठेवायची, तिच्यावर काही ठेवायचं नाही, मनमाडला गाडी बदलताना हमालाच्या डोक्यावर द्यायची नाही, हातात धरायची, असं मी त्याला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी तो म्हणाला, "मास्तर, तुम्हीच चला." गाडी सुटली. माई हात जोडून उभ्या होत्या. मी मात्र त्या पेटीला कुठल्या फळीवर जागा मिळाली असेल, याचा विचार करत होतो.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मुंबईची दमट हवा, त्यापुढे पाणीच पाणी. रोज संध्याकाळी दुकानात दिवा लावला की मला ते टेबल दिसायचं, खुर्च्या दिसायच्या, आणि एक छाती हळूहळू खाली बसताना दिसायची. बायको म्हणाली, "पोराच्या आईला झोप लागून राह्यली आणि तुम्हाला न्हाई." शेवटी वकीलसाहेबांकडून निरोप आला की पोरगा सुखरूप आहे, जेवण बरं आहे, छाती ताठ राहते, आणि कुणी वळून बघत नाही.

मी समाधानानं कामाला लागायला हवं होतं. तेवढ्यात एकादशी आली. बायकोनं साबुदाणा भिजवला होता, त्यावर झाकलेलं फडकं त्या पाण्यात पडून भिजलं आणि तिनं दोरीवर वाळत टाकलं. दुपारी मी ते काढायला गेलो तर फडकं कडक. दोरीवरच्या घडीसकट ताठ उभं राहिलं.

मी तसाच फडकं हातात घेऊन पूल ओलांडून जुन्या जालन्यात गेलो. साबुदाणा! उपासाला चालतो, त्याला खरकटं म्हणत नाहीत, शिजवला तर उत्तम खळ होते, डिंकासारखा चिकटत नाही. ज्या घरात महिन्यातून दोनदा साबुदाण्याची खिचडी होते, त्या घराच्या पडवीत आठवडे काढूनही माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. माईंचा नेम उगाच मोडला होता.

माई पडवीतच शेंगा सोलत बसल्या होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं आणि ते फडकं पुढे धरलं. त्यांनी ते बघितलं, शेंगा सोलायच्या थांबल्या नाहीत.

"मास्तर, हे मला त्याच दिवशी सुचलं होतं. पट्टी सोडवता सोडवता."

मी फडकं मागे घेतलं. "मंग बोलला का न्हाई, माई? तुमचा नेम राह्यला असता."

"राह्यला असता," त्या म्हणाल्या. हातातली शेंग त्यांनी फोडली, दाणे सुपात टाकले. "पण शिदोरीला उपासाचं बांधून पोराला एवढ्या लांब कशी धाडू? भात तो भात, मास्तर."